हार्टवेलचं थंड पाणी

अँडरसन, साउथ कॅरोलायना
फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, परवा तू फोनवर विचारलंस, "उणे सात अंशांत पाण्यावर जायचंच कशाला? आणि बुडालीस तर?" बाबांनी मागून विचारलं, "एवढ्या गारठ्यात मासा गळाला लागतो तरी कसा?" तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि फोनवर मी त्यांची अर्धवट उत्तरं दिली. शनिवारी इथल्या हार्टवेल तलावावर बास माशाची (हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा) स्पर्धा आहे, त्याआधी सगळं नीट लिहून कळवते. आईचं आधी.

बोटी सुटतात त्या उजाडता उजाडता, म्हणजे दिवसातल्या सगळ्यात गार वेळी. बासची बोट उघडी असते, टप नसतो. हवा उणे 7 आणि बोट ताशी 95 किलोमीटरने धावत असली, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे 20 सारखी झोंबते. म्हणून धावताना तोंडावर मोटारसायकलचं पूर्ण हेल्मेट किंवा बर्फात घालतात तो गॉगल आणि गळपट्टा असतो. अंगाला लागून मेरिनो लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं किंवा कृत्रिम कापसाचं जाकीट आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारी छातीपर्यंतची विजार व कोट. सुती कापड एकही नाही, कारण सूत घाम धरून ठेवतं आणि तो घामच नंतर गारठवतो. तू पाठवलेली स्वेटरची जोडी म्हणूनच मधल्या थरात बसते, ती लोकरीची आहे. पायात दोन जाड मोजे कोंबण्याची चूक बहुतेक जण करतात. बूट आवळला की रक्त फिरत नाही आणि बोटं जास्तच गार पडतात. एकच जाड मोजा आणि एक नंबर मोठा बूट, हे बरोबर.

हातांचं सगळ्यात अवघड. मासा चावल्याचं दोरीतून बोटांना कळावं लागतं, त्यामुळे जाड हातमोजे चालत नाहीत. गळ टाकताना बोटांची टोकं उघडी असलेले मोजे, बोट धावताना त्यांच्यावर मोठे मिटन (चारही बोटं एकत्र मावतात असे मोजे) आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे नाडी लागते तिथे, गरम होणारी पुडी. मासा सोडवला की हात ओला होतो, म्हणून आधी कोरड्या टॉवेलने पुसायचा आणि मगच मोजा चढवायचा. तीन जोड लागतात, कारण ओला झालेला जोड दिवसभरात वाळत नाही. डिंकाचे लाडू मी मुद्दाम वेष्टण काढून, एकेक वेगळा, खिशात ठेवते. बधिर बोटांना प्लास्टिक फाडता येत नाही, आणि अंगात ऊब राहायची तर दर दोन तासांनी काहीतरी तुपा-गुळाचं पोटात जावंच लागतं. थर्मासमध्ये साधं गरम पाणी किंवा चहा. दारूने ऊब येते असं इथेही म्हणतात, पण तिने कातडीकडचं रक्त वाढतं आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते.

आता बुडण्याचं. मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्यासाठी 1-10-1 असा हिशोब सांगितला आहे, तो इथे पाण्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ असावा. पाण्यात पडल्यावर पहिलं 1 मिनिट श्वास सुटतो, धाप लागते, माणूस पाणी गिळतो. ते मिनिट तोंड पाण्यावर ठेवून काढायचं, दुसरं काही करायचं नाही. मग साधारण 10 मिनिटं हातापायांत जोर असतो, तेवढ्यात बोटीवर चढायचं. शुद्ध हरपायला साधारण 1 तास लागतो. म्हणजे माणूस गोठून जाण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या काही मिनिटांतच बुडतो, आणि ती मिनिटं जीवरक्षक जाकीटच निभावतं. मी फोमचं जाकीट घालते. गॅसच्या नळकांडीने फुगणारं अंगाला हलकं वाटतं खरं, पण कडक थंडीत तो गॅस सावकाश भरतो. फोमचं फुगावं लागत नाही आणि छातीला ऊबही देतं. इंजिन बंद करणारी दोरी जाकिटाला अडकवलेली असते, माणूस फेकला गेला की इंजिन थांबतं. 2021 च्या एप्रिलपासून इथे अशा बोटींना ते कायद्यानेच सक्तीचं आहे. बोटीच्या मागे शिडी असते, आणि कोरड्या कपड्यांचा एक संच पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असतो. बोटीत दोघं असतो, आई. एकटीने मी या दिवसांत पाण्यावर जात नाही आणि जाणारही नाही.

बाबा, आता तुमचं.

हार्टवेल हे सवाना नदीवरचं धरण, साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या हद्दीवर. 56,000 एकर पाणी. आपल्या उजनीत पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं, तशी इथेही रानं, रस्ते, शेतं बुडाली. खोल पाण्यात अजून झाडांची उभी खोडं आहेत आणि हिवाळ्यात बास त्यांच्याभोवती असतो. मोठ्या तोंडाचा आणि ठिपक्यांचा असे दोन्ही बास इथे आहेत. स्वभाव आपल्या मरळीसारखा, आडोशाला दबा धरून झडप घालणारा. फरक एवढाच की मरळ वर येऊन हवा घेते, हा संपूर्ण दिवस तळाशी राहू शकतो.

माशाचं रक्त पाण्याइतकंच गार असतं. पाणी 7-8 अंशांवर आलं की त्याचं पचन मंदावतं, एकदा खाल्लेलं कित्येक दिवस पुरतं. तो खातो, पण त्यासाठी पाठलाग करत नाही. म्हणून जागा निवडताना एकच बघायचं: जिथे उतार तीव्र आहे आणि थोडंसं पोहून त्याला खोलात किंवा उथळात जाता येतं. जुन्या ओढ्याचं वळण, खडकाची कड, धरणाकडच्या भागातली पाण्यात घुसलेली जमिनीची टोकं. सपाट, लांबच लांब उथळ भाग हिवाळ्यात बहुधा रिकामा असतो. दुपारी मात्र दक्षिणेकडे तोंड असलेल्या खडकाळ काठावर ऊन पडतं आणि तिथलं पाणी अर्धा-एक अंशाने चढलं तरी मासा वर सरकतो. सकाळी 9 मीटर खोल, दुपारी 2 वाजता 3 मीटरवर, असं एकाच टोकावर घडू शकतं. सकाळी मासा मिळाला नाही म्हणून जागा सोडून दूर पळणं हे थंडीतलं नेहमीचं नुकसान आहे. त्या पळण्यात हातही गोठतात आणि वेळही जातो.

आमिषाची गंमत तुम्हाला आवडेल. जर्कबेट म्हणजे लांबट प्लास्टिकची मासोळी, झटका दिला की लचकते आणि मग पाण्यात तरंगत एका जागी थांबते. उन्हाळ्यात दोन सेकंद थांबवतात, या पाण्यात 10 ते 30 सेकंद. मनात आकडे मोजावे लागतात, नाहीतर हात आपोआप घाई करतो. चावा नेमका त्या थांबण्यात येतो. पण थंड पाणी किंचित जड असतं, म्हणून उन्हाळ्यात स्थिर राहणारी मासोळी आता हळूच वर निघते. तळ्याचंच पाणी बादलीत घेऊन तपासायचं, आणि वर येत असेल तर पुढच्या गळाच्या दांड्याला शिशाच्या तारेचे एक-दोन वेढे द्यायचे. नाक किंचित खाली झुकून जागच्या जागी राहिली की जमलं.

खोल पाण्यात धातूचा चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचं आमिष, 15 ते 20 ग्रॅमचा, बोटीच्या बरोबर खाली सोडायचा. एक-दीड फूट उचलायचा आणि दोरी सैल सोडून पडू द्यायचा. मासा पडत्या चमच्याला तोंड घालतो आणि चावा जाणवतच नाही. दोरी मधेच थांबते किंवा बाजूला सरकते, बस. म्हणून डोळे दोरीवर ठेवायचे, बोटांवर विसंबायचं नाही.

2015 च्या फेब्रुवारीत याच तलावावर बासमास्टर क्लासिक झाली, ही या खेळातली सगळ्यात मोठी स्पर्धा. हाडं गोठवणारी थंडी होती, पहिल्या दिवशी बोटी सोडायलाच उशीर करावा लागला. जिंकला तो इथल्याच डोनाल्ड्स गावचा केसी अ‍ॅशली, तीन दिवसांत 50 पौंड 1 औंस. त्याचं आमिष म्हणजे शिशाचं डोकं आणि त्याखाली फिरणारं छोटं पातं, घरी बनवलेलं, त्याच्या वडिलांच्या हातचं. बाबा, तुम्ही भिगवणहून आणलेले गळ माझ्याकडे अजून आहेत. बासला ते बारीक पडतात, पण डबीत मी ते ठेवलेत.

शून्याखाली रॉडच्या, म्हणजे गळाच्या काठीच्या, दोरी जाते त्या कड्यांमध्ये बर्फ धरतो, हे इथलं रोजचं दुखणं. दोरी पाणी ओढून आणते, ते कडीत गोठतं, आणि पुढची फेक मधेच अडते. विणलेली दोरी सगळ्यात जास्त पाणी शोषते, म्हणून ती घरी ठेवायची आणि 8 ते 12 पौंडांचा ताण सोसणारी फ्लुरोकार्बनची एकेरी दोरी लावायची. कड्यांना ओठांना लावायचा बाम किंवा सिलिकॉन चोळलं की तासभर बरं जातं. तरी बर्फ धरलाच तर रॉडचं टोक पाण्यात बुडवायचं. पाणी 7 अंश आहे, बर्फ दहा सेकंदांत सुटतो. नखाने किंवा पक्कडीने खरवडलं की कडीतली चिनीमातीची चकती तडकते, आणि मग ती दोरी कापते.

बोटीचंही तसंच. बोट ट्रेलरवर घेतली की इंजिन सरळ उभं करायचं, म्हणजे आतलं पाणी निथळतं. तिरकं ठेवलं तर पाणी पंपात गोठतं आणि सकाळी चालू करताच आतलं रबरी चक्र फाटतं. चालू केल्यावर बाजूच्या भोकातून पाण्याची धार यायला हवी. अर्ध्या मिनिटात आली नाही तर लगेच बंद. लिथियमच्या बॅटऱ्या शून्याखाली चार्ज होत नाहीत, त्या रात्री घरात आणायच्या. आणि बोटी पाण्यात सोडतात त्या उतारावर बोटींनी सांडलेलं पाणी गोठून काच होते, त्यासाठी गाडीत वाळूची एक पिशवी नेहमी. गाडी उतारावर घसरत पाण्यात जाते तेव्हा पुढचा दिवस संपलेलाच असतो.

मासे आम्ही मारत नाही, आई. पाच मोठे मासे बोटीतल्या टाकीत जिवंत ठेवतात, वजन करतात आणि सोडतात. मेलेल्या माशामागे वजन कापलं जातं. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम तर शून्याजवळ 14 हून अधिक, म्हणून हिवाळ्यात टाकीत ते चांगले जगतात. धोका दोन ठिकाणी. 9 मीटरहून खोल पाण्यातून वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि तो पोट वर करून तरंगतो. पाठीच्या काटेरी आणि मऊ परामधल्या खाचेपासून गुदद्वारापर्यंत मनाने रेघ ओढायची, अंगावरच्या मधल्या रेषेच्या तीन-चार खवले खाली त्या रेघेवर पोकळ सुई खवल्याच्या आडून घालायची. मासा पाण्याखालीच धरायचा आणि बुडबुडे येऊ द्यायचे. मासा सरळ झाला की सुई काढायची, सगळी हवा काढायची नसते. हे शिकल्याशिवाय कुणी करू नये, चुकीच्या जागी टोचलं तर मासा मरतो. दुसरा धोका बाहेरच्या हवेचा. उणे हवेत कल्ले आणि डोळे लवकर गोठू शकतात, म्हणून फोटोसाठी उचलून धरणं मला पटत नाही. पिशवीत पाणी भरून, मासा बुडलेला ठेवूनच वजनकाट्यापर्यंत न्यायचा.

परतीची वेळ मोडली तर बऱ्याच स्पर्धांत मिनिटाला एक पौंड कापतात. वारा उलटला तर लाटांमुळे येताना जातानाच्या दुप्पट वेळ लागतो, म्हणून अर्धा तास हातात राखूनच मी निघते, मासा चावत असला तरी.

शनिवारी वजनकाटा दुपारी 3 ला आहे, म्हणजे तुमच्याकडे रात्रीचा दीड. जागत बसू नका. बोट निथळवून, बॅटऱ्या घरात घेऊन, रविवारी तुमच्या सकाळी 7 ला फोन करते. बाबा, तोवर भिगवणच्या बाजारात विचारून ठेवा, उजनीचं पाणी डिसेंबरात गार पडतं तेव्हा मरळ कुठल्या काठाला मिळते. मला हवं आहे ते.

तुमची,
मनू