पेयाचं मशीन घेताय? आधी पेय कुठलं ते ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पर्यटनाचा सीझन तोंडावर आला की आपल्याकडे हॉटेलवाले, शॅकवाले, कॅन्टीनवाले सगळे एकदमच सामान घ्यायला लागतात, आणि त्यात आता ज्यूस डिस्पेन्सर, चहाचं मशीन, सोड्याचं मशीन ही खरेदी असतेच असते. मी गोव्यात फोंड्याला केटरिंगच्या धंद्यात आहे, लग्नं, मुंजी, देवळातल्या समाराधना अशी कामं करतो, म्हणून हे लिहितोय. लोक मशीन घेताना लिटर बघतात, किंमत बघतात, जार किती चकचकीत आहे ते बघतात, पण त्यात कुठलं पेय घालणार आणि रात्री ते मशीन धुणार कोण हे विचारतच नाहीत. माझ्या मते सगळी निवड या दोन प्रश्नांवरच व्हायला पाहिजे.

आधी पेयाचं बघू. थंड पेयाच्या डिस्पेन्सरमध्ये मुख्य दोन प्रकार येतात, एकात पंप पेय वर उडवतो आणि ते जारच्या आत कारंज्यासारखं पडत राहतं, दुसऱ्यात तळाशी एक पातं हळूहळू फिरत असतं. कोकम सरबत, लिंबू सरबत अशा पातळ पेयांना कारंजं चालतं आणि गिऱ्हाइकाला बघायलाही बरं वाटतं. पण तेच मशीन सोलकढीला घेतलं तर नारळाचा रस घुसळला जाऊन नुसता फेस होतो, अर्धा ग्लास फेसच येतो. सोलकढी, ताक, आंब्याचं पन्हं, गर असलेला ज्यूस याला पातंवालंच पाहिजे. आणि काहीच ढवळणारं नसलेला साधा ड्रम असेल तर साखर आणि जिऱ्याची पूड तळाला बसते, तोटी पण तळालाच, म्हणजे पहिल्या पंगतीला गोडमिट्ट आणि शेवटच्या पंगतीला पाणी, हे तर आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे प्यायलेलं आहे. सोलकढीतली कोथिंबीर, मिरची, लसणीचे कण बारीक तोटीत अडकतात, म्हणून जारमध्ये ओतण्याआधी गाळायची आणि कोथिंबीर वाढताना वरून घालायची.

दुसरी एक गोष्ट बरेच जण विसरतात, टेबलावरचा डिस्पेन्सर हा थंड पेय थंड ठेवायला असतो, गरम हवेतलं वीस लिटर पेय ओतून अर्ध्या तासात थंड होईल असं समजू नका, त्याला तासन् तास लागतात. आधी फ्रिजमध्ये थंड करूनच ओतायचं. थंड पेय ५ अंशाच्या खाली आणि गरम पेय ६० अंशाच्या वर, मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपल्या मे महिन्यात नारळाच्या रसाला आंबायला किती वेळ लागतो ते घरातल्या कुठल्याही बाईला विचारा. काजूच्या सीझनला जे नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा ताजा रस, विकतात त्यांना तर हे जास्तच लागू आहे, नीरो बाहेर राहिला की काही तासांत आंबायला लागतो. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून ड्रममध्ये बर्फाची लादी टाकतात, त्याने पेय पाणचट होतंच, पण तो बर्फ कुठून आलाय हे कोण बघतं? मासळीसाठीचा बर्फ पेयात जाता कामा नये म्हणजे नयेच.

आता कोकमाचं. कोकम आंबट, त्यात आपण मीठ घालतो, आणि आंबट अधिक मीठ हे धातूला फार वाईट. स्वस्त ड्रमला बऱ्याचदा पितळेची तोटी असते, वरून चकाकीचा मुलामा, तो घासून गेला की आतलं पितळ सरबताला लागतं आणि त्यातलं तांबं पेयात उतरतं. ॲल्युमिनियमचं भांडंही याला नको. स्टील घ्या तर ३०४ ग्रेडचं घ्या. दुकानात मॅग्नेट लावून दाखवतात, चिकटला नाही म्हणजे चांगलं स्टील, पण २०२ ग्रेडलाही मॅग्नेट चिकटत नाही, आणि त्या २०२ मध्ये निकेल कमी असल्यामुळे मिठाने आणि आपल्या खाऱ्या हवेने त्याला लवकर डाग पडतात, त्यामुळे ग्रेड बिलावर लिहूनच घ्यायचा. ॲक्रिलिकचा जार दिसायला छान असतो पण गरम पेयाला चालत नाही, शिवाय काथ्याने घासला की ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते.

आणि धुणं, मला विचाराल तर सगळ्यात मोठी गोष्ट हीच. तोटी पाना-स्क्रूड्रायव्हर न लावता हाताने सुटते का, वॉशर निघतो का, जारच्या तळाला हात पोचतो का, हे दुकानातच खोलून बघा, लाजू नका. रात्री बारा वाजता दमलेला पोरगा ते धुणार आहे, त्याला अर्धा तास लागणार असेल तर तो वरून पाणी ओतून मोकळा होईल आणि त्यात त्याची चूक नाही. वरून धुतलेल्या मशीनच्या तोटीत बुळबुळीत थर साचतो, बाहेरून जार लख्ख असतो आणि प्रत्येक ग्लास त्या थरावरूनच येतो. सुट्टे वॉशर म्हापशात किंवा मडगावात मिळतात का हेही आधीच विचारा. ऐन नाताळात गळणारं मशीन घेऊन पार्सलची वाट बघत बसणं परवडत नाही.

चहाच्या मशीनबद्दल थोडं. प्रिमिक्स पावडरचं, म्हणजे चहा, दूध, साखर आधीच मिसळलेल्या पावडरचं, मशीन आपल्या पावसाळ्यात त्रास देतं, दमट हवेने आणि मशीनच्याच वाफेने पावडरचे गोळे होतात, मग कधी चहा पातळ, कधी नुसतं गरम पाणी. घ्यायचंच असेल तर पावडरचा डबा घट्ट बंद होणारा बघा आणि मिसळायचा भाग रोज धुवा. पाण्याचा बॉयलर घेतलात तर हिशोब सोपा आहे, ३० लिटर पाणी ३ किलोवॉटच्या कॉइलवर उकळायला पाऊण ते एक तास लागतो, म्हणजे साडेदहाची सुट्टी असेल तर साडेनवाला बटण दाबलेलं पाहिजे. ३ किलोवॉट म्हणजे साधारण १३ अँपिअर, त्याला १६ अँपिअरचा सॉकेट, वेगळी वायर आणि नीट अर्थिंग हवं, पंख्याच्या बोर्डाला एक्स्टेन्शन लावून चालवायचं नाही. थंड मशीनला स्टॅबिलायझर ठेवा आणि ते भिंतीला किंवा चुलीला चिकटवून ठेवू नका, मागून हवा खेळली नाही की कॉम्प्रेसर बिचारा चालूच राहतो.

आणि जिथे वारंवार लाइट जाते किंवा जत्रेत चार दिवसांपुरतंच काम असतं तिथे विजेच्या मशीनच्या मागे लागूच नका. जाड इन्सुलेशनचा, मोठ्या तोंडाचा ड्रम घ्या, आधीच थंड केलेलं सरबत त्यात तासन् तास टिकतं. २०० मिलीचे दीडशे ग्लास म्हणजे ३० लिटर, एक मोठा ड्रम घेण्यापेक्षा दोन लहान बरे, एक वाढायला आणि एक बंद. एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ग्लासांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे तोटीखाली तुमचा स्टीलचा ग्लास सरळ मावतो का तेही बघून घ्या.

माझी विनंती शाळा, हॉस्पिटलं आणि सरकारी कॅन्टीनच्या खरेदीवाल्यांना आहे. नुसतं ‘थंड पेयाचं मशीन, २० लिटर’ एवढंच लिहून सगळ्यात कमी दराचं उचलू नका. कुठलं पेय, पातं की कारंजं, स्टीलचा ग्रेड, हाताने सुटणारी तोटी आणि गोव्यात सर्व्हिस, एवढ्या पाच गोष्टी टेंडरात लिहा. असं लिहिलं नाही तर सोलकढी, कोकमाला न जमणारी मशीनं येतात आणि मग कॅन्टीनवाला म्हणतो बाटलीतली कोलाच परवडते. मुलांना कोकम सरबत नीट थंड आणि स्वच्छ मिळणं काही कठीण नाही, पुढच्या वर्षाची टेंडरं निघायच्या आधी संबंधितांनी यावर विचार करावा.

आपला,
एक केटरर, फोंडा