सळई रसरसते, ऊन रणरणतं

नौपाडा, ठाणे

प्रिय सुहास,

लोहारकामाचा तुझा उतारा वाचला. ओघ चांगला आहे. पण भट्टीतून काढलेल्या एकाच सळईला तू आधी 'तप्त', मग 'धगधगती' आणि शेवटी 'प्रखर' म्हटलं आहेस. तिथे रसरसणे हे क्रियापद घाल. हल्ली कमी कानावर पडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धग कातडीला कळते. डोळे मिटून भट्टीजवळ गेलं तरी लागते. रसरस बघावी लागते. जिन्नस आतून लाल उजळलेला असतो आणि ज्वाळेचा पत्ता नसतो. राखेखालच्या निखाऱ्याला धग असते, पण तो रसरसत नाही. फुंकर घातली की राख उडते, हवा पोचते आणि तो रसरसतो. ज्वाळेला मात्र हा शब्द कधी लावू नकोस. ज्वाळ भडकते, लपलपते.

पावसाळ्यात तलावपाळीला कणीसवाल्याची शेगडी नीट बघ, सगळा अर्थ तिथे आहे. लाकूड पेटलं की आधी त्यातून निघणारे वायू जळतात, तीच ज्वाळ. कोळसा करतानाच हे वायू बरेचसे निघून गेलेले असतात, म्हणून तो ज्वाळेविना पृष्ठभागावर जळत राहतो. कोळसे अर्धवट पेटलेले असताना कणीस ठेवलं तर दाण्यांवर काजळी धरते, वरून करपतं आणि आत कच्चं राहतं. पोट लाल आणि वर राखेचा पातळ पापुद्रा, असे निखारे झाले की कणीस ठेवायचं आणि फिरवत राहायचं. पंखा जोरात मारला तर ठिणग्या नि राख दाण्यांवर बसते. मारलाच नाही तर राखेचा थर जाड होऊन निखारा झाकोळतो.

आता लोखंड. घन पदार्थ अंधारात साधारण ५२५ अंश सेल्सिअसला मंद लाल दिसू लागतात. जॉन विल्यम ड्रेपर या अमेरिकी शास्त्रज्ञाने हे १८४७ साली मोजून मांडलं. पुढे ७५०–८०० अंशांच्या आसपास कुंकवासारखा लाल, ९५० च्या सुमारास केशरी, ११०० ला पिवळा आणि १३०० च्या पुढे पांढरट. रसरसणे लालापासून केशरीपर्यंत शोभतं. पांढऱ्याला 'झगझगीत' म्हण. त्या टप्प्यावर पोलादातून ठिणग्या फुटू लागल्या तर ते जळतंय, आणि जळलेलं पोलाद पुन्हा तापवून सुधारत नाही. हे आकडे सावलीतल्या नजरेचे आहेत. भर उन्हात मंद लाल रंग दिसतच नाही, म्हणून भट्टीची जागा अंधारी ठेवतात. काळी दिसणारी सळईसुद्धा ४०० अंशांची असू शकते. ती रसरसत नाही, पण हात भाजेल.

तुझा लोहार सळई काळी पडल्यावरही घण घालतोय, तेही दुरुस्त कर. लाली गेली की धातू ताठर होतो, घावाने भेग पडते. पुन्हा भट्टीत घालायची, भाता चालवायचा, रसरसली की ऐरणीवर. (वागळे इस्टेटीतल्या वर्कशॉपात कुणी रसरस म्हणणार नाही, 'लाल झालं का?' एवढंच विचारतील. तुझ्या पात्रांच्या तोंडीही तेच ठेव. हा शब्द निवेदकाचा.)

रूपांची एक अडचण आहे. 'रसरसती सळई' म्हणजे आत्ता उजळत असलेली, 'रसरसलेली' म्हणजे त्या अवस्थेला पोचलेली. 'रसरशीत' हे विशेषणही निखाऱ्याला लागतं, पण आजच्या वाचकाच्या जिभेवर त्याने हापूस येतो. म्हणून आगीसाठी मी 'रसरसता' पसंत करतो. 'रागाने रसरशीत झालेला चेहरा' हे तर खोडच. रसरशीत चेहरा म्हणजे तजेलदार, तुकतुकीत; तुझा लोहार चिडलेला न वाटता नुकताच महाबळेश्वरहून आल्यासारखा वाटेल. रागासाठी 'डोळे इंगळासारखे' पुरे. तापाने अंग रसरसतं म्हणतात, ते चालेल, पण फणफणणे अधिक ओळखीचं.

शेवटच्या परिच्छेदातलं 'रसरसतं ऊन' काढ. ऊन रणरणतं. पोळीचा तवाही रसरसत नाही, तो लाल व्हायच्या कितीतरी आधी पोळीचा कोळसा होईल. विजेच्या शेगडीची उघडी तार मात्र अगदी रसरसते, तिथे बिनधास्त वापर. 'तापदीप्त' (तापून उजळलेला) हा पारिभाषिक शब्द तळटीपेत ठेवलास तर हरकत नाही. ऐरणीजवळ तो नको.

दुसरा खर्डा झाला की पाठव. नेरूळहून येणार असशील तर कागदच घेऊन ये, पेन्सिलीने खुणा करून देतो.

तुझा,
अनिरुद्ध