सवलत हवी, शेरा नको
दहावीला गणित, विज्ञानात 35 ऐवजी किमान 20 गुणांवर अकरावीची वाट मोकळी, पण पुढे हे विषय घेता येणार नाहीत असा गुणपत्रिकेवर शेरा, ही राज्य अभ्यासक्रम आराखड्यातील (2024) तरतूद अर्धीच पटते. इंग्लंडमधील ईटनच्या शाळेत 1949 साली जॉन गर्डन यांच्या प्रगतिपुस्तकात शिक्षकांनी लिहिले होते, शास्त्रज्ञ होण्याचा यांचा विचार हास्यास्पद आहे. त्यांनाच 2012चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. असा शेरा झुगारणारे विरळाच. बाकीचे तो खरा मानतात आणि पुढे लसीचा प्रश्न असो वा हवामानाचा, ‘आपल्याला त्यातले कळत नाही’ म्हणत बाजूला होतात. प्रयोगशाळेला कुलूप, विज्ञान फळ्यावर आणि अपयशाची नोंद मात्र मुलाच्या नावे! शिक्षण विभागाने सवलत ठेवावी, शेरा वगळावा.
— एक निवृत्त शिक्षक, सातारा