संप बेकायदा ठरला, म्हणून भरपाई ठरली?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एखादा संप बेकायदा ठरला की दोन-चार दिवसांत एक मागणी हमखास कानावर येते : झालेले नुकसान संपकऱ्यांकडूनच वसूल करा. मागणी रास्त वाटते. माझी उमेदीची वर्षे व्यवस्थापनांची वकिली करण्यात गेली, त्यामुळे मी कामगारांचा कैवार घेतोय असे सहसा कुणी म्हणणार नाही. तरीही सांगतो, बेकायदा संप आणि भरपाई यांच्यात लोकांना वाटते त्यापेक्षा बरेच अंतर आहे.

मुळात संप बेकायदा ठरायला फारसे काही लागत नाही. औद्योगिक संबंध संहिता, २०२० नुसार चौदा दिवसांची नोटीस न देता केलेला संप बेकायदा. समेटाची बोलणी चालू असताना केलेला बेकायदा. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली, तर तीही संपातच धरली जाते. म्हणजे थकलेल्या पगारासाठी तेराव्या दिवशी हात थांबवणारा आणि यंत्र फोडणारा, दोघांवर शिक्का एकच. वसुलीची रक्कमही दोघांना एकच लावायची का?

बेकायदा संपाला शिक्षा नाही असेही नाही. संहितेत एक हजार ते दहा हजार रुपये दंड किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. संपकाळातला पगार जातो तो वेगळाच. त्यावर आणखी नुकसानभरपाई मागता येते का, हा प्रश्न बिहारमधल्या रोहतास इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. लवादाने कामगारांवर भरपाई बसवली होती. न्यायालयाने ती टिकू दिली नाही. संपाचे बेकायदापण ज्या कायद्यातून येते, त्यावरचा उपायही त्याच कायद्यात शोधायचा, आणि तिथे भरपाई नाही, असे ते साधे तर्कशास्त्र होते. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने नोंदणीकृत संघटनांना दिवाणी दाव्यांपासून दिलेले मर्यादित संरक्षण नव्या संहितेतही आहे. मर्यादित एवढ्यासाठी म्हणतो, की मारहाण आणि नासधूस त्यात कधीच बसत नव्हती.

नेमकी रेघ तिथेच ओढायला हवी. अमेरिकेत सिएटलमध्ये २०१७ साली काँक्रीट वाहणाऱ्या चालकांनी ट्रक भरलेले असतानाच संप सुरू केला. माल कडक होऊन वाया जाणार हे उघड होते. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी कंपनीला दावा चालवण्याची मुभा दिली. मला तो निकाल पटतो. काम थांबल्यामुळे धंदा बुडणे हा संपाचा स्वभावच आहे; मालाची नासाडी होईल अशी वेळ साधणे ही वेगळी गोष्ट.

ही रेघ पुसली की काय होते ते दक्षिण कोरियाने पाहिले. सांगयाँग मोटर्सच्या कामगारांनी २००९ मध्ये सत्त्याहत्तर दिवस कारखाना ताब्यात ठेवला. पुढे न्यायालयाने त्यांच्यावर सुमारे ४७० कोटी वॉनचा बोजा टाकला. हा आकडा कुठल्याही कामगाराच्या सात पिढ्यांना फिटणारा नव्हता. तेव्हा तिथल्या एका साप्ताहिकाच्या वाचकाने त्या कामगारांसाठी पिवळ्या पाकिटात ४७ हजार वॉन घालून साप्ताहिकाकडे पाठवले. त्या रकमेचा एक लाखावा हिस्सा. पूर्वी तिकडे पगार पिवळ्या पाकिटात मिळायचा. त्या पाकिटांची मोहीम झाली, आणि कामगारांवरच्या अशा दाव्यांना आवर घालणारा कायदा २०२५ मध्ये मंजूर झाला, तो याच पाकिटाच्या नावाने ओळखला जातो. ब्रिटनमध्येही टॅफ व्हेल रेल्वेच्या १९०१ मधल्या निकालाने संघटनेला २३ हजार पौंडांची भरपाई भोगावी लागली आणि पाच वर्षांत संसदेला कायदा बदलावा लागला.

भरपाई हवीच असेल तर दक्षिण आफ्रिकेचा १९९५ चा कायदा पाहावा. तिथे न्यायालय संप बेकायदा आहे एवढ्यावर थांबत नाही. नियम पाळण्याचा प्रयत्न झाला होता का, संप आधी ठरवून केला की मालकाच्या अन्यायाने पेटला, किती दिवस चालला, आणि मालक, संघटना, कामगार यांची ऐपत काय, हे सगळे तोलून मगच 'न्याय्य' रक्कम ठरवते.

रकमेवरून आठवले. एकदा एका व्यवस्थापनाने मला नुकसानीचा तक्ता आणून दिला. आकडा डोळे फिरवणारा होता. मी पुढच्या दोन महिन्यांचे उत्पादनाचे कागद मागवले, तर ओव्हरटाइम लावून बहुतेक ऑर्डरी पुऱ्या झालेल्या. तक्त्यात मात्र त्या 'बुडाल्या' म्हणून धरलेल्या. तक्ता मी परत केला. अशील काही दिवस नाराज होते.

आणि मालकाने कारखान्याला लावलेल्या टाळेबंदीचे काय? ती बेकायदा ठरली तर संहितेत दंड पन्नास हजार ते एक लाख रुपये. त्या काळातला पगार कामगाराला भांडून मिळूही शकतो. पण तेवढ्या महिन्यांत त्याच्या घराच्या हप्त्यावर चढलेला दंड मालकाकडून वसूल करा, अशी मागणी इतक्या वर्षांत एकदाही माझ्या ऐकण्यात आलेली नाही.

आपला,
एक निवृत्त वकील