भिंतीवरचं ‘इंद्रजाल’

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली प्रवाळांवरची बातमी दोनदा वाचली. तापलेलं पाणी, पांढरे पडलेले प्रवाळ, सगळं आलं. मऊ, म्हणजे दगडी सांगाडा नसलेल्या प्रवाळांचं नावही नाही, आणि हे दर वेळी असंच होतं. दगडी प्रवाळ मेला तरी त्याचा सांगाडा मागे राहतो, त्याचा फोटो तरी काढता येतो. मऊ प्रवाळ मेला की कुजून जातो, तिथे काही होतं याची खूणसुद्धा उरत नाही. पाण्यात गाळ वाढला की उजेडावर जगणाऱ्या जाती आधी जातात, गढूळ पाण्यात तग धरणाऱ्या थोड्या उरतात. वरून बघणाऱ्याला खडक भरलेलाच दिसतो.

गेल्या गणपतीत भाचीच्या डोंबिवलीच्या नव्या घरी गेले होते. दारासमोरच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये ‘इंद्रजाल’. वास्तुदोष जातो म्हणून सासरच्या कुणीतरी दादरच्या एका पूजासाहित्याच्या दुकानातून आणलेलं, दुर्मीळ वनस्पतीचं मूळ म्हणून. मी फ्रेम उतरवून मागचा पुठ्ठा काढला. वीतभर किरमिजी जाळी, बुडाशी खडकाचा कपचा अजून चिकटलेला. नखाने खरवडल्यावर चुन्यासारखी पूड पडली, आत काळी, शिंगासारखी चिवट काडी. तो सी फॅन होता, पंख्यासारखा पसरणारा समुद्री प्राणी, मऊ प्रवाळांच्याच कुळातला; या कुळातल्या प्रत्येक इवल्या जिवाला आठ बाहू असतात. शेकडो जिवांची एक वसाहत, खडकासकट उपटलेली. आता भाचीला ती ठेववतही नाही आणि टाकवतही नाही.

सगळे सी फॅन 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मी त्या दुकानात गेले. ‘‘काकू, झाड आहे ते, त्याला कसला कायदा?’’ असं उत्तर मिळालं. मग तक्रार घेऊन एका सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी फोटो बघून विचारलं, ‘‘हा प्राणी आहे कशावरून?’’ अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, पण त्या टेबलासमोर मला रडू आवरलं नाही.

कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीच्या 18 प्रवाळ वसाहती 2020 मध्ये हलवल्या, तेव्हा एकेक मोजली गेली, बातम्या आल्या. चांगलंच झालं. पण दादरच्या त्या एका दुकानाच्या काचेमागे मी पाच सी फॅन मोजले, त्यांची कुठे एक ओळ नाही. उलट आपल्या रविवारच्या पुरवणीत वास्तूच्या सदराखाली इंद्रजालाची जाहिरात येते. ती कृपया ताबडतोब थांबवा.

आणि कालच्या बातमीसोबतचा फोटोही प्रवाळाचा नाही. तो नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा ज्यात बसलाय, ते समुद्रफूल (सी ॲनिमोनी) आहे, तो वेगळा प्राणी. दुरुस्ती छापावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, गिरगाव