दोन कुटुंबांची बेटावरची सुट्टी भरतीचे गणित पाहून आखा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी तोंडावर आली की देवबाग-तारकर्लीत चौकशीचे फोन सुरू होतात. त्यातले बरेच दोन कुटुंबांचे मिळून असतात. मोठी माणसे सहा, मुले चार, दोन रात्री मुक्काम, आणि प्रश्न ठरलेला: बेट, किल्ला, डॉल्फिन, स्कूबा, सगळे बसेल का? बसवता येते, पण मग विश्रांती होत नाही. मंडळी आली त्याहून दमून परत जातात. हे टळावे म्हणून, या किनाऱ्यावर निवास-न्याहारी चालवणारे आम्ही हे पत्र लिहीत आहोत.

मालवणजवळच्या बेटांवर रात्रीचा मुक्काम करता येत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर आहे. तिथून संध्याकाळच्या आत परतावे लागते. ज्याला सगळे सुनामी बेट म्हणतात, तो कर्ली नदीच्या मुखातला वाळूचा पट्टा आहे आणि भरतीला तो पाण्याखाली जातो. राहायचे ते देवबागेत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, त्यामुळे बेटावर असल्यासारखेच वाटते.

बेटावर कधी जायचे हे घड्याळावर ठरत नाही, तिथीवर ठरते. कोकणात जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा एकपासून मोजायचे. भाऊबीज म्हणजे द्वितीया. दोनची पाऊणपट दीड, म्हणून पूर्ण भरती दुपारी दीडच्या सुमारास. मालवणात पाणी या हिशोबापेक्षा अर्धा-एक तास आधीच भरते, तेव्हा साडेबारा-एक धरावे. सहा तास मागे गेले की ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेसात-सात. त्या दिवशी सातला होडीत बसलात तर वाळू मोकळी मिळते, ऊन कोवळे असते, मुले घोट्याएवढ्या पाण्यात खेळतात. तेच लोक न्याहारी करून, आवरून अकराला निघाले की कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून परततात आणि बेट दाखवलेच नाही म्हणून होडीवाल्याशी वाद घालतात. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे ओळखीचे लोक गेल्या आठवड्यात कितीला गेले होते हे विचारून उपयोग नाही. अष्टमीच्या आसपास येणाऱ्यांना ओहोटी ऐन दुपारी मिळते, शिवाय तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असतो, पाणी फारसे उतरत नाही आणि वाळू कमी उघडी पडते. दोन घरांच्या रजा जुळवता येत असतील तर अमावास्या-पौर्णिमेनंतरचे तीन-चार दिवस धरावेत.

मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या याच उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाण्याला ओढ जास्त असते. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की अख्खी खाडी संगमातून समुद्राकडे धावते. पाण्यावरचा फेस किंवा माडाचे वाळके पान पाहावे. ते समुद्राकडे वाहू लागले की मुलांना पट्ट्याच्या कडेवरून मध्ये घ्यावे. कडेला वाळू एकदम तुटते आणि एका पावलात गुडघ्याचे पाणी गळ्याशी येते. दहा जणांत प्रत्येकाला वाटते की मुलांकडे दुसरे कोणीतरी बघत आहे. म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावावी, आणि ज्याची पाळी त्याने मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्यावा. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूत घासत चालावे. पायाखाली पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, असेल तर ती निघून जाते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-पाऊण तास ठेवावा आणि दवाखाना गाठावा.

लाइफ जॅकेट नुसते अंगात घालून भागत नाही. मुलाला घालून सगळे बंद आवळा, मग जॅकेट दोन्ही खांद्यांना धरून वर ओढा. ते हनुवटीच्या वर सरकले तर ते मोठे आहे, पाण्यात मूल त्यातून खाली निसटेल. लहान मापाचे मागा. नसेल तर ती फेरी सोडा. दोन कुटुंबांना एकाच होडीत बसायचे असते, पण होडीवर लिहिलेल्या प्रवासीसंख्येत मुलेही मोजतात. संख्या वाढत असेल तर दोन होड्या घ्या. डॉल्फिन दिसला की सगळे एकाच बाजूला उठतात आणि होडी त्या अंगाला कलते, म्हणून तांडेल (होडी चालवणारा) बसा म्हणाला की बसावे. जलक्रीडांचा हंगाम 1 सप्टेंबर ते 25 मे असा असतो, पण मेच्या शेवटच्या आठवड्यात वारा फिरलेला असतो. तारकर्लीजवळ बोट उलटून दोन पर्यटक गेले ती तारीख 24 मे 2022 होती. मेमध्ये यायचे तर पहिल्या पंधरवड्यात या.

स्कूबा शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. पाण्याखाली दाबाने रक्तात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता निघण्याआधी विमानात बसणे किंवा सहाशे-सातशे मीटरचा घाट चढणे टाळावे. अठरा तास जाऊ द्यावेत. इथली हौशी डुबकी उथळ आणि थोड्या वेळाची असते, धोका कमी असतो, पण कोल्हापूर-पुण्याकडची मंडळी सकाळी डुबकी मारून दुपारी आंबोली किंवा फोंडा घाट चढायला लागतात, ते बरे नाही. सर्दी असेल तर पाण्यात उतरूच नये, कानाचा दाब सुटत नाही. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी स्नॉर्केलिंग, म्हणजे पाण्यावर तरंगत नळीने श्वास घेत खाली पाहणे, पुरेसे आहे. प्रवाळावर मात्र उभे राहू नये. 1987 पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे.

किल्ल्यावर होडीवाले सहसा तासाभराचा वेळ देतात. आजी-आजोबा आणि लहान मुले असतील तर तो अपुरा पडतो. परतीची पुढची होडी चालेल का हे चढतानाच विचारून घ्यावे. 1664 साली पाया घातलेल्या या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या विहिरी आहेत, चारी बाजूंना खारा समुद्र असताना. मुलांना त्या नीट दाखवा, कारण देवबागच्या विहिरीही तशाच आहेत. इथे गोडे पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून असते आणि पंप जास्त वेळ चालला की खालचे खारे वर येते. दहा माणसे समुद्रावरून एकदम आली आणि प्रत्येकाने तीन बादल्या घेतल्या की सहाशे लिटर पाणी गेले. तेव्हा अंगावरची वाळू अंगणातल्या नळावर धुवावी आणि आंघोळी दोन तुकड्यांत कराव्यात. एप्रिल-मेमध्ये तर हे फारच जपावे लागते.

जेवण आदल्या संध्याकाळी सांगावे, कारण मासळी लिलावातून येते आणि कोणता मासा येईल ते त्या दिवशीच कळते. दोन किलोच्या सुरमईच्या डोके-शेपूट वगळून बारा-एक तुकड्या पडतात, म्हणजे दहा जणांना एकेक आणि दोन वर. बांगडा माणशी एक. मुलांसाठी कमी तिखटाचे आणि सोमवार-संकष्टी पाळणाऱ्यांसाठी वेगळे, हेही तेव्हाच सांगून टाकावे.

दोन घरांत कटुता येते ती बहुधा हिशोबावरून. सगळी कॉन्ट्री निम्मी-निम्मी काढली की शाकाहारी घराला सुरमईचे पैसे भरावे लागतात. खोल्या घरटी, जेवण ताटावर, होडी डोक्यावर, असे निघण्याआधी ठरवा. एका घराचे ऐनवेळी रद्द झाले तर आगाऊ रक्कम कोणाची बुडणार, तेही बोलून घ्या.

दिवस किमान तीन पूर्ण हवेत, प्रवासाचे दोन वेगळे. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते. कुडाळ स्थानक सोयीचे. रोज एकच कार्यक्रम ठेवा, तोही ओहोटी पाहून. दुपारी एक ते चार काहीही ठरवू नका. एक संध्याकाळ एका घराने सगळी मुले सांभाळावीत आणि दुसऱ्या दोघांना किनाऱ्यावर मोकळे सोडावे, दुसऱ्या दिवशी उलट. दोन कुटुंबांनी मिळून येण्याचा खरा फायदा हाच आहे आणि तोच बहुतेकांकडून राहून जातो.

आपल्याला एक विनंती आहे. आपल्या दैनिकात रोज पंचांग असते, तिथी असते. दिवाळी, नाताळ आणि मेच्या सुट्टीत त्याच्याच खाली मालवणच्या भरती-ओहोटीच्या वेळा दोन ओळींत छापाव्यात. मुंबईच्या वेळा इथे चालत नाहीत, म्हणून मालवणच्याच द्याव्यात.

आपले,
देवबाग-तारकर्ली येथील काही निवास-न्याहारी चालक,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग