बुरशी नसलेल्या झाडावर तीन फवारण्या : चुकीच्या निदानाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आजच्या चौथ्या फोननंतर हे पत्र लिहीत आहे. माझ्या अंगणातील बकुळीवर आपल्या कंपनीने तीन वेळा बुरशीनाशक फवारले, आणि त्या झाडाला बुरशी नव्हती. दोन वर्षांपूर्वी गाडीसाठी वाट करताना तिच्या बुंध्याभोवती सुमारे ३० सेंटीमीटर मातीचा भराव पडला आणि त्यावरून रोलर फिरला. झाडाची शोषक मुळे बहुतांशी वरच्या ४५ सेंटीमीटरच्या थरातच असतात, तिथली हवा कोंडली की ती मरू लागतात आणि त्याचा परिणाम शेंड्यावर दिसायला कधी कधी वर्षे जातात, हे झाडांची तपासणी करणाऱ्या कंपनीला मी सांगायला नको होते.

आजच्या संभाषणाचा मला सर्वाधिक संताप आहे. आपले तज्ज्ञ म्हणाले, "पाने तपकिरी झाली, म्हणजे बुरशीच." मी सांगितले की डाग विखुरलेले नाहीत, प्रत्येक पानाची फक्त कड करपली आहे, तीही वाटेच्या बाजूच्या फांद्यांवर, आणि शेजारची जास्वंद व मोगरा यांचेही तसेच झाले आहे. परस्परांशी नाते नसलेल्या तीन जातींवर एकाच वेळी एकच लक्षण दिसले, तर संशय आधी माती, पाणी आणि रसायने यांच्यावर घ्यायचा असतो. उत्तर आले, "मग बुरशी पसरली आहे, तिन्हींवर फवारू." मी भरावाची आठवण करून दिली, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, माती झाडाला चांगलीच असते." एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला.

आपल्या तपासणी अर्जात 'परिसरात अलीकडे झालेले बांधकाम' असा रकाना आहे. माझ्या अर्जात तो कोरा आहे. बुंधा खाली रुंद होत मुळांत उतरायला हवा. माझी बकूळ खांबासारखी सरळ मातीत शिरलेली दिसते, आणि हे पाहण्यासाठी केवळ खाली वाकावे लागते. मी स्वतः खुरप्याने वीतभर माती काढली, तेव्हा आतली साल काळपट, ओलसर होती आणि नखाने सुटून येत होती. तीन भेटींत कोणीही वाकून पाहिले नाही, आणि तीनही वेळा फवारणीचे शुल्क मात्र घेतले.

तिन्ही फवारण्यांचे शुल्क परत करावे, निदान चुकल्याचे लेखी द्यावे, आणि मुळे न दुखावता भराव काढू शकणारी व्यक्ती आठ दिवसांत पाठवावी. अन्यथा छायाचित्रे आणि तो कोरा रकाना असलेला अर्ज घेऊन मी ग्राहक न्यायालयात दाद मागेन. आपल्या नावावर विश्वास ठेवून मी हे झाड आपल्या हाती दिले होते. मधल्या काळात त्याच्या दोन मोठ्या फांद्या वाळल्या आहेत.

आपली,
एक ग्राहक